पाहुण्यांची वही

"कुठून आलात?"... आता तुम्हीच सांगा! मला, सॅम्युएल पेणकरला, पेणच्या रामवाडीत, माझ्याच घराच्या वाटेवर अडवून विचारतात, कुठून आलात! अहो, आडनावातच पेण हाय! आजोबांचा तेलाचा घाणा इथलाच. शनिवारी बंद, म्हणून अख्खं गाव 'शनवार तेली' म्हणायचं. पण कुठून आलात असं कुणी नाय विचारलं!

झालंय काय, समोर सात मजली टॉवर आला. त्यांनी भिंत घातली, माझी वाट भिंतीच्या आत गेली, वाटेला गेट बसलं. आता स्वतःच्या घरी जायचं तर पाहुण्यांच्या वहीत सही! गेटवर विठू, कोलाडचा, दोन मुलींचा बाप. "काका, लिवा हो, नायतर माजी नोकरी जाईल." मग लिहितो! रोज! कुठून आलात? पेण. कुठं चाललात? पेण!

पण तुम्हाला सांगतो, परवा शुक्रवारी रोह्याची एसटी उशिरा, स्टँडवरनं धापा टाकत आलो, गेटाशी पोचलो आणि सूर्य बुडाला! झालं! आम्ही बेने इस्रायल, ज्यू; आमचा शब्बाथ लागला, शनिवारचा पवित्र विसावा, आता उद्या रात्रीपर्यंत पेन हातात धरायचं नाय. समोर वीस पावलांवर सिपोरा, माझी बायको, दारात उभी. "अवो, या ना, जेवण निवतंय!"

तेवढ्यात टॉवरच्या कमिटीचे सेक्रेटरी आले. मुंबईहून येऊन चार महिने झालेत! "अंकल, सही नाही तर आत नाही. रूल इज रूल! तसे आम्ही फार ओपन आहोत हां, जाहिरातीत तुमच्याच घराचा फोटो टाकलाय... जुनं कोकण!"

बघा! घर चालतं, घरातला माणूस चालत नाय!

"आणि तुमचे लोक तर सगळे इस्रायलला गेले ना? मग तुम्ही कधी जाणार?"

गेलेच की! भाऊ गेला, लीया गेली, पोटची पोर! तीही फोनवर हेच विचारते. मी हात मागे बांधून तिथंच उभा राहिलो. सिपोरा रडवेली झाली.

शेवटी विठूनंच पेन उचललं. "मी लिवतो, सायेब. नाव पेणकर. कुठून आले, पेण. काम... ऱ्हाणं." मग हळूच, "काका, जायची वेळ काय टाकू?"

म्हटलं, मोकळी ठेव. मला खांदा द्यायला पेणात आमचे चौघं उरले नाहीत, कमिटीलाच यावं लागणार... बाहेर नेताना तेच टाकतील वेळ!