माझ्या नावाचं मत

मी मूळची देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आले, उपनगरातल्या एका चाळीत, चाळीचं नाव नका लिहू, तिथेच राहायचंय मला. मालक, म्हणजे आमचे हे, गिरणीत, मी गोरेगावला बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला. शाळा कधी बघितली नाही. पण पस्तिशीला कारखान्यातल्या बायांकडून सही शिकले, सुलोचना गणपत परब, पूर्ण, नि तेव्हापासून अंगठा म्हणून कुठे लावला नाही.

तर लोकसभेचं इलेक्शन आलं. मतदानाला गेले तर तिथला साहेब म्हणतो, बाई, तुमचं मत झालं. मी म्हटलं, झालं कसं? बोट बघा ना माझं, शाई तरी आहे? त्याने अर्धुक, म्हणजे मतपत्रिका फाडून देतात तिचा मागे उरलेला तुकडा, काढून दाखवलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या नावापुढे अंगठा! डोकंच फिरलं. म्हटलं, मी सहीवाली बाई आहे, मत दिल्याबिगर हलायची नाही. मागे लाईन ओरडतेय, ए मावशी, चल ना, वाट लागली उन्हात. शेवटी साहेबाने नियम काढला, सही घेऊन वेगळी पत्रिका दिली, पण ती पेटीत नाही, पाकिटात बंद. म्हणे, हे मोजणीत धरत नाहीत.

निकाल लागला अगदी थोडक्या मतांनी. हरलेला कोर्टात गेला. त्याचा वकील आमच्या खोलीत, मावशी, तुम्ही आमच्या साक्षीदार. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याची माणसं दारात, मालकांना म्हणतात, बायकोला आवरा, इथेच राहायचंय ना? गिरणी संपात बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. मालक म्हणाले, सुले, नको गं जाऊ. मी म्हटलं, अहो, माझ्या नावाने दुसरीच बाई उभी राहिली नि मी गप्प बसू? शेवटी तेच आले हायकोर्टापर्यंत, माझी पिशवी धरून.

जजसाहेबांसमोर सही केली, एक अक्षर सोडलं नाही! मग कितीतरी तारखा पडल्या, आणि एक दिवस, खोट्या मतांच्या जागी खरी धरायची म्हणून, ती पाकिटं फोडली. आमच्या केंद्रावरचं एकच, माझं. उघडलं, नि त्या वकिलाचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही! शिक्का जिंकलेल्यावर! अहो, मी त्यालाच दिलं होतं मत, मला कोणी विचारलंच नाही. जिंकलेला जिंकलेलाच राहिला.

संध्याकाळी धमकीवाले तेच, पेढे घेऊन. मावशी, तू तर आमचीच. मी म्हटलं, मी कोणाची नाय रे, मत माझं होतं.

आता परत इलेक्शन आलंय. चाळीतल्या अकरा बाया म्हणतात, सुलोचनाबाय, आम्ही तुझ्याबरोबर येणार, केंद्राचं दार उघडायच्या आधी. कोणाला देणार ते मालकांनाही सांगितलेलं नाही. सुखी राहा तुम्ही, आणि त्या दिवशी सकाळी लवकर जा.