साडेचारचा फोन

(नेदरलँड्समधलं रायस्वाइक. दुसरा लॉकडाऊन. बंद बाथरूमच्या आत वसुधा, बाहेर तिचा नवरा हेमचंद्र.)

हेमचंद्र : दार उघड, वसुधा. नाहीतर तोडतो.

वसुधा : तोड. हातात काय घेतलंयस?

हेमचंद्र : बत्ता. साडेचारला हॉस्पिटलचा परत फोन येणार आणि माझा मोबाइल घेऊन तू आत बसलीयस. त्यांचा नंबर दिसत नाही, मला उलटा लावता येत नाही. नाही उचलला तर किडनी पुढच्याला जाईल.

वसुधा : जाऊ दे. जिची किडनी मिळतेय त्या बाईला कॅन्सर होता.

हेमचंद्र : सतरा वर्षांपूर्वी. बरी झालेली. काल मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. डॉक्टर काय म्हणाली? धोका शंभरात एखाद्याला.

वसुधा : माझ्या शर्मिलालाही असंच सांगितलं होतं, परत उलटणं शंभरात एखादीचं. ती एखादी माझीच बहीण निघाली. आणि किडनी टिकावी म्हणून तुझी प्रतिकारशक्ती मारणार. कॅन्सरची एक पेशी जरी आत आली, तरी अडवणार कोण तिला?

हेमचंद्र : डायलिसिसला माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या करोनाने रिकाम्या केल्या. चार वर्षं वाट बघतोय मी. सरक, घाव घालतोय.

वसुधा : डाव्या हाताने नको. फिस्टुला फुटेल, डायलिसिससाठी जोडलेली शीर.

हेमचंद्र : माझ्या हाताचं मला सांगू नकोस. घे. घे अजून.

वसुधा : हेम, थांब. ढलपी उडाली, कपाळावर लागली.

हेमचंद्र : लागू दे. मोबाइल दे, नाहीतर पुढचा घाव तुझ्यावर.

वसुधा : घाल. शर्मिलाला शेवटचं मी स्क्रीनवर बघितलं. तुला तसं बघणार नाही.

हेमचंद्र : भोकातून दिसतंय मला. रक्त येतंय तुला.

वसुधा : वाजतोय.

हेमचंद्र : वसुधा, मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? पण शरीर माझं आहे. दे.

वसुधा : घे.

हेमचंद्र : हॅलो? यस, स्पीकिंग. यस. आय अ‍ॅक्सेप्ट. ओके, बाय सिक्स... सहापर्यंत बोलावलंय. एकट्यालाच आत सोडणार. वसुधा, बत्ता टाकला मी. बाहेर ये, कपाळ बघू दे.

वसुधा : हात लावू नकोस मला. बॅग जिन्याखाली आहे. पहिला फोन आला तेव्हाच भरली. चार्जर वरच्या कप्प्यात आहे.