बंद दाराची आखाजी

माझं माहेर साक्रीकडचं, ताई, दोन भावांची एकटी बहीण मी, लग्न होऊन धुळ्यात आले ती भाड्याच्या खोलीत. नवरा हमाल, मी जिनिंगवर कापूस निवडायला. मालकानं खोल्या पाडून दुकानं काढली, दुसरी पाहायला गेलो तर आधी डिपॉझिट सांगत, आमच्या मजुरीत बसेल अशी खोली साऱ्या बठ्ठ्या गावात मिळेना. मग नाल्याकाठी झोपडी टाकली, शेजारी माझी धाकली जाऊ, सुमन.

सुमनला ना भाऊ ना बाप. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माझा भाऊ मला न्यायला यायचा अन् ती दारात उभी राहून पाहायची. जळायची, मला कळायचं, अन् खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं, नवं लुगडं मी मुद्दाम तिच्यासमोर घडी करायची.

त्या साली मी माहेरी झोका खेळत होते, नवरा हमालीवर, अन् इकडे मोजणीवाले आले. ज्या दारात माणूस त्या दारावर लाल रंगानं नंबर, नंबर असेल त्यालाच घरकुल. माझं दार बंद, मग रिकामं धरलं. परत येऊन सुमनला विचारलं, तू बोलली का नाही? ती म्हणे, अक्का, मी सांगं त्यास्ले, ही मनी जेठानीनी झोपडी शे, त्यास्नी ऐकंच नही.

काय सांगू तुम्हाला, तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते, म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

झोपडी पाडली. तिला घर मिळालं, पक्कं, नळाचं. आम्ही बाजाराच्या शेडखाली निजतो. अशा बहिणीला न्यायचं कुठून, भाऊपण यायचा थांबला.

आता आखाजीला सुमन येते, म्हणते, अक्का, चाल ना घर, झोका बांधेल शे. मी जाते, तिच्या हातचे मांडे खाते, अन् तिचं दार, तिची खिडकी पाहून घास फिरतो तोंडात. मी मिरवायची, ती मेली मिरवतपण नाही, त्यानं जास्त पेटते मी. संध्याकाळी माहेरवाशिणीसारखी माझी ओटी भरते. माहेरवाशीण ओटी घेऊन आपल्या घरी जाते, मी शेडकडे निघते. सुखी राहा गं, म्हणते तिला, तोंडातून तेच निघतं, पोटातलं विचारू नका.