सड्यावरची चांदणवाट

ऐका. गुळाला अजून वेळ आहे, काहिलीतला रस आत्ता कुठं उकळायला लागलाय. तोवर सांगतो. पण मधेच उठून कोणी एकट्यानं विहिरीकडं जायचं नाही. जायचंच असेल तर आत्ताच जाऊन या.

बसलात? बरं. आक्का, जाळ जरा पुढं सारा.

ही गोष्ट आपल्या हेमाताईची. हेमलता गुरव, आपल्या उपकेंद्रात नर्स होती ती. पोरगी धीट. कुठल्याही वाडीचा फोन येऊ दे, स्कूटर काढायची आणि निघायची. तिला एक नाद होता, मोबाइलवर नकाशा काढायचा. सरकारचा नव्हे, कुठल्या कंपनीचाही नव्हे. सगळ्यांनी मिळून काढायचा नकाशा. ज्याला जी वाट माहीत, त्यानं ती काढायची. चुकली तर दुसऱ्यानं नीट करायची. आणि नुसती रेघ ओढून भागत नाही, बरं का. त्या रेघेला सांगावं लागतं की तू कोण. डांबरी का कच्ची, मोटार जाते का बैलगाडी, का नुसती माणसाची पायवाट. आणि नाव असेल तर नाव.

हा नाद उगाच लागला नव्हता. खोतवाडीच्या एका बाईला बाळंतपणासाठी न्यायला आलेली अँब्युलन्स भलत्याच पाणंदीत शिरली आणि चिखलात रुतून बसली. बाई वाचली. मूल नाही वाचलं. तेव्हापासून हेमाताईनं मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी पाणंदी-पाणंदीनं हिंडायची, म्हाताऱ्यांना विचारायची, "आजोबा, ह्या वाटेला काय म्हणता?" कोणी सांगे म्हसोबाचा उतार, कोणी सांगे कुंभारपाणंद. चालून बघायची आणि मगच घालायची.

राहिला सडा. म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. त्याच्या पलीकडं धनगरवाडा. वाड्यावर जायचं तर खालच्या ओढ्यानं केवढा वळसा. पण आभाळातून काढलेला फोटो असतो ना, त्यात तिला सड्यावर एक पांढरी रेघ दिसली. सरळ, रुंद, थेट वाड्याच्या दिशेनं.

बाजारात तिनं बिरू शेळक्याला गाठलं. वाड्यावरचा सगळ्यात जुना माणूस.

"बिरूमामा, सड्यावरच्या वाटेचं नाव काय?"

"कुठली वाट?"

तिनं फोटो दाखवला. बिरूनं बघितला आणि मान फिरवली.

"ती वाट न्हाई."

"मग काय आहे?"

"ती दिसती. नुसती दिसती." आणि घोंगडं खांद्यावर टाकून म्हातारा चालायला लागला.

तिला वाटलं, म्हाताऱ्याला फोटो कळला नाही. घरी येऊन तिनं रेघ ओढली. पहिल्यांदाच, न चालता. रुंद दिसते म्हणून मोटारीचा रस्ता लावला. नाव कोणी सांगितलं नव्हतं, तर आपल्या मनानं घातलं, चांदणवाट. बोटानं टाइप केलं, तोंडानं कुणापाशी बोलली नाही. हे ध्यानात ठेवा.

पुढं थंडीत, अवसेच्या आसपास, अंधार पडल्यावर वाड्यावरून फोन आला. बिरूची सून बाळाबाई अडली होती. पहिलटकरीण. हेमाताईनं पिशवी घेतली, मोबाइल स्कूटरच्या हँडलला लावला आणि निघाली. डोंगर चढून सड्याच्या तोंडाशी आली. डावीकडं खाली ओढ्यात उतरणारी वाट. मोबाइल बोलला, "उजवीकडे वळा."

तिचीच रेघ ती. ती वळली.

रस्ता होता. खरंच होता. दिव्याच्या उजेडात पांढराशुभ्र, खडा नाही, खळगा नाही. स्कूटर अशी चालली होती की चाक जमिनीला लागतंय का नाही, कळेना. समोर वाड्याचा दिवा लुकलुकत होता. तिला बरं वाटलं. म्हातारा उगाच घाबरवत होता म्हणायचा.

चालली. चालली. दिवा तेवढाच लांब.

डाव्या हाताला करवंदीची जाळी गेली, तिच्यात लाल चिंधी अडकलेली. थोड्या वेळानं परत करवंदीची जाळी, परत लाल चिंधी. रस्ता तर सरळ, कुठं वळलाच नव्हता. मग तीच जाळी उजव्या हाताला आली. मोबाइल म्हणत होता, "सरळ पुढे जा." तिनं तो बंद केला. पडदा काळा झाला. आणि काळ्या पडद्यातून आवाज आला, "सरळ पुढे जा, हेमा."

चकवा. दुसरं काय असणार? आपल्यात सांगतात ना, चकवा लागला की आहे तिथंच बसावं, उजाडेपर्यंत हलू नये. तिच्या आईनंही तेच सांगितलं होतं. पण बसायचं कसं? तिकडं बाळाबाई कळा देत होती. हेमाताईला थांबता येईना आणि जाता येईना.

तेवढ्यात समोरून कंदील आला. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई.

"ताई, किती उशीर. वाड्यावरनं तुला न्यायाला आलोय. गाडी ठिव हितंच, पळत चल."

हेमाताईला हायसं वाटलं. पिशवी काखेत मारली आणि त्या बाईमागं धावली. पुढून लहान मुलाचं रडणं ऐकू यायला लागलं. बाई पळता पळता मायेनं म्हणाली, "चांदणवाटंनं आलीस, ते बरं केलंस."

हेमाताईचे पाय जागीच थांबले.

ते नाव कुणाला माहीत होतं? वाड्यावर कोणाकडं तसला मोबाइल नाही. ते नाव कुठल्या जित्या माणसाच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

बाई वळली नाही. नुसती म्हणाली, "चल की."

आणि त्या क्षणी हेमाताईला बिरूमामाचं बोलणं उमगलं. नुसती दिसती. दिसती ना? मग बघायचंच नाही. तिनं डोळे गच्च मिटले. काय झालं, सांगू? पायाखालचा रस्ता गेला. गुडघ्याएवढं गवत, दवानं ओलं, आणि खाली खडबडीत कातळ. ती खाली बसली, पुढं हात फिरवला. गवत. गवत. आणि मग हाताला काहीच लागेना. बोटानं एक दगड सुटला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

सड्याचा कडा, बाबांनो. खाली सरळ कोकण.

ती मागं सरकली. आता आवाज चवताळला. आधी मोबाइलचा, मग बाळाबाईचा, "ताई, मी मरतोय, डोळं उघडा." मग आणखी एक आवाज आला. खोतवाडीच्या त्या बाईचा. "माझं तर गेलं, ताई. हिचं तरी वाचव. एकदा बघ माझ्याकडं." मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरीनं डोळे उघडले नाहीत. पिशवीचा पट्टा दातात धरला आणि रांगत निघाली. कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. पाठीमागं लांब कुत्री भुंकत होती, तिकडं तोंड केलं. गुडघे सोलले, तळहात फाटले. आवाज कानाशी, अगदी कानाशी चालत होता.

मग गालाला काहीतरी ओलं आणि गरम लागलं. कुत्र्याची जीभ. आणि बिरूचा आवाज, "ताई, उघडा डोळं. म्या हाय."

तिनं नाही उघडले. हुशार पोरगी. तिनं विचारलं, "मामा, मी कुठल्या वाटेनं आले?"

"वाट कुठली? गवतातनं रांगत आलायसा की."

तेव्हा तिनं डोळे उघडले. म्हातारा बॅटरी घेऊन उभा होता. कुत्री सड्याकडं तोंड करून गुरगुरत होती, तो त्यांच्या मागून आला होता.

त्यानं तिला जवळजवळ उचलूनच वाड्यावर नेलं. फाटल्या हातांवर रबरी हातमोजे चढवून तिनं बाळाबाईला सोडवलं. मुलगी झाली, रडकी आणि चांगली धट्टीकट्टी. सकाळी माणसं सड्यावर गेली. तिनं मागं सोडलेली स्कूटर थेट कड्यावर आली होती, पुढचं चाक हवेत. आणि रस्ता? चहूकडं नुसतं वाळकं गवत.

हेमाताईनं नकाशातून ती रेघ पुसली. आठवड्यानं बघते तर रेघ परत जाग्यावर. पुण्याच्या कौस्तुभ नावाच्या मुलानं काढली होती. तोही असाच हौसेनं नकाशा काढणारा. तिनं नंबर मिळवून त्याला फोन केला, चांगलाच झापला.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "ताई, परवा रात्री तुम्हीच फोन केलात. रस्ता चुकून पुसला गेलाय, परत काढ म्हणालात. हाच आवाज होता तुमचा."

तिनं परत पुसली. परत कोणीतरी काढली. नागपूरचा कोणी, परदेशातला कोणी. प्रत्येकाला रात्री एका बाईचा फोन आलेला. काल माझ्या नातवानं मोबाइल उघडून दाखवलं. रस्ता आहे तिथं. नाव मात्र आता दुसरंच लावलंय. मी वाचलं. ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही बघायला जाऊ नका. जित्या माणसाच्या तोंडी ते नाव नाही, तोवरच चकवा ओळखता येईल.

तर वाड्यावर कोणाचं काम निघालं, तर खालच्या ओढ्यानं जायचं. मोबाइल काहीही सांगू दे. लांब पडतं. पडू दे.