कँटनची माती

(आखातातलं फहाहील, १९५७. तेल कंपनीच्या मेसमधला म्हातारा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, नूरुद्दीन दुपारचा स्वयंपाक उरकून बसला आहे. समोर त्याच्याच गावचा खलाशी उस्मान. त्याची आगबोट परवा कँटन या चिनी बंदराला निघायची आहे.)

नूरुद्दीन : ...आणि मशिदीतून निघालास की हिरव्या दगडाच्या बांगड्यांचा बाजार. तुझ्या बायकोसाठी, खतिजासाठी एक घे. नाजूक घे, जड नको.

उस्मान : चाचा, हा बाजार तुम्ही तीनदा दाखवलात. अब्बांची कबर कुठं आहे?

नूरुद्दीन : सांगतो रे. आधी मिनार बघ. गुळगुळीत, कुठं नक्षी म्हणून नाही. जुने दर्यावर्दी वर दिवा लावायचे म्हणतात. मग औषधांची गल्ली. सुकवलेले दर्याचे घोडे, सापाची कात... वासानं डोकं उठतं!

उस्मान : आईला तुम्ही सांगितलेलंत, पैगंबरांच्या साथीदाराच्या, त्या सहाबींच्या मजाराजवळ, बांबूच्या बनाला लागून. उशाशी दगड आहे?

नूरुद्दीन : वीस वर्षांत दगड राहतो होय? आता तिथं राज्य बदललंय. खलाशाला गावात फिरू देतील तर शपथ! तू आपला बंदरावरूनच फातिहा पढ.

उस्मान : बोटीवरच्या सारंगानं एक दिवसाची रजा कबूल केलीय. हे बघा.

नूरुद्दीन : काय हे?

उस्मान : पिशवी. कबरीची मूठभर माती आण म्हणाली आई. ती आता फार दिवसांची नाही, चाचा. तिला माती देताना तीही टाकायचीय.

नूरुद्दीन : नूरबानूभाभीनं स्वतः शिवली?

उस्मान : नीट दिसत नाही तिला. टाके बघा ना, कसे वाकडे पडलेत.

नूरुद्दीन : माझ्या हातात देऊ नको ती. ...उस्मान, कबर नाही.

उस्मान : म्हणजे? बुजली?

नूरुद्दीन : नव्हतीच. कँटन दोन दिवसांवर होतं. ताप डोक्यात गेला तुझ्या अब्बाच्या, मुस्तफाच्या. आमच्या बोटीचा सारंग म्हणाला, या उकाड्यात मय्यत ठेवता यायची नाही. मीच गुसल दिला, शेवटची आंघोळ घातली. जनाज्याला आम्ही पाच जण. पायाला लोखंडी सळया बांधल्या, तो ज्या भट्टीत कोळसा मारायचा तिच्याच. आणि दर्यात सोडला.

उस्मान : वीस वर्षं दर शुक्रवारी ती त्या बनाचं नाव घेऊन फातिहा पढतेय!

नूरुद्दीन : ठाऊक आहे. म्हणून गावी गेलो तरी तुमच्या मोहल्ल्यात येत नाही. बोट सोडली, इथं चूल धरली. दर्या चार पावलांवर आहे, पण मी पाठ करून बसतो.

उस्मान : का सांगितलंत खोटं?

नूरुद्दीन : तिचा बाप दर्यात गेला, भाऊ दर्यात गेला. मी उंबऱ्यात उभा, आणि ती रडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, 'यांना माती तरी मिळाली ना?' तुझ्यानं नाही म्हणवलं असतं? मग तिनं जागा विचारली. मी बघितलेली सगळ्यात चांगली जागा सांगितली.

उस्मान : आता मी काय आणू या पिशवीत?

नूरुद्दीन : मजाराजवळची आण. पाक माती आहे. तिला कळणार नाही.

उस्मान : मला कळेल. ...दोन दिवस आधी म्हणालात ना? बोट तिथून जाईल तेव्हा मी डेकवर उभा राहीन. जागा कशी ओळखायची, तेवढं सांगा.

नूरुद्दीन : दर्यात जागा नसते रे बाळा. म्हणून तर तिला कबर सांगितली.