तुळशीतला सेन्सर

राव, गच्चीवरच्या टोमॅटोंनी माझी पार इज्जत काढली होती. चाकणच्या कंपनीत मी दिवसभर सेन्सरच बसवतो. म्हणून घरीही ओलावा मोजणारा एक सेन्सर लावला. माती सुकली की तो सगळ्या कुंड्यांना पाणी सोडणार. तरी टोमॅटोंनी माना टाकल्या. मोबाइलवर बघावं तर माती ओलीच!

आईला म्हटलं, "सेन्सर बिघडलाय."

"लावलास कुठं?"

"तुळशीच्या कुंडीत. तिथं कुणाचा धक्का लागत नाही."

"अरे, अंघोळ झाली की रोज तांब्याभर पाणी मी तिलाच घालते ना! जेवलेल्याला भूक विचारतोस आन् उपाशी आहे त्याला तसाच ठेवतोस."

लगेच सेन्सर टोमॅटोच्या कुंडीत हलवला. आता भजी घ्या, ही चटणी त्याच टोमॅटोंची आहे.