ज्याची चिठ्ठी त्यानं

(मैसूरमधला उदबत्तीचा कारखाना. भिंतीवर फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. रकाने तीन : करायचं, चालू, झालं.)

भुवन : ...पण सार, ही मोगऱ्याची चिठ्ठी काढल्याशिवाय कारखाना पुढं सरकणार नाही.

नंजुंडप्पा : हात लावू नकोस. नियम तुझाच आहे, तम्मा. ज्याची चिठ्ठी त्यानंच हलवायची.

भुवन : तो जिवंत माणसांसाठी होता.

नंजुंडप्पा : शिकवताना तसं म्हणाला नाहीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हाही नाही.

भुवन : दुसराही नियम होता ना? 'चालू'मध्ये तीनच चिठ्ठ्या, एक संपली की मगच नवी. आता बघा. एक तुमच्या मंडळींची, सर्वमंगलाअम्मांची, हीच मोगऱ्याची. दुसरी चामुंडीदेवीची, 'लाईट जाऊ न देणे'. ती कधी संपणार?

नंजुंडप्पा : देवीला तारीख विचारायची का आपण?

भुवन : आणि तिसरी मांजराची!

नंजुंडप्पा : उंदीर आहेत तोवर चालूच की.

भुवन : अहो, दसरा तोंडावर आलाय. नवा वास सुरू करायला जागा नाही म्हणून बायका हात मांडीवर घेऊन बसल्यात. मी बेंगळुरूच्या हापिसात सांगून बसलोय, मैसूरचा कारखाना एकदम चपळ झाला म्हणून!

नंजुंडप्पा : मांजर झालंय.

भुवन : सार, कारखाना चपळ करायला तुम्हीच बोलावलंत ना मला?

नंजुंडप्पा : मी नाही, तिनं. मी म्हटलं, जन्मभर बसून बोललो, आता सकाळी उभं राहून काय वेगळं बोलणार? पण तिला तुझे ते तीन प्रश्न फार आवडले. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. दवाखान्यातसुद्धा सोडलं नाही. डॉक्टर तपासायला आले, तर त्यांनाच विचारलं. उभेच आहात, म्हणाली, सांगून टाका.

भुवन : मग?

नंजुंडप्पा : पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर दिलं त्यांनी. तिसऱ्याला चष्मा पुसत बसले.

भुवन : ...मला कुणी कळवलंच नाही.

नंजुंडप्पा : फळ्यावर कुठं लिहायचं ते कळेना, तम्मा.

भुवन : मोगरा किती झाला होता?

नंजुंडप्पा : पेटवल्यावर येतो तो वास जमला होता. विझल्यावर मागं राहतो, तो राहिला. तो तिच्याच नाकात होता. मी काय, काड्या मोजणारा माणूस.

भुवन : दुसऱ्या कुणाकडून पुरा करून घेऊ या?

नंजुंडप्पा : चिठ्ठी कुणाची आहे?

भुवन : ...बरं. राहू दे तिथंच. 'चालू'मध्ये आजपासून चार.

नंजुंडप्पा : चालतं तसं?

भुवन : नाही चालत.

नंजुंडप्पा : मग ऊठ. उभा राहा असा समोर. ती गेल्यापासून सकाळचं मला कुणी विचारलेलं नाही.

भुवन : सार, आत्ता? बायका बघतायत.

नंजुंडप्पा : बघू देत. विचार.

भुवन : काल काय केलंत, सार?

नंजुंडप्पा : मोगरा करताना ती नेसायची, ती साडी कपाटातून काढली.

भुवन : आज काय करणार?

नंजुंडप्पा : परत ठेवणार.

भुवन : ...अडचण?

नंजुंडप्पा : वास उडत चाललाय.